खिडकी : एका लहान दाराचा इतिहास

आमच्या मंडळाच्या रविवारच्या बालवर्गात काही वर्षांपूर्वी एक लहानसा प्रसंग घडला. कोलकात्यात जन्मलेल्या आठ वर्षांच्या एका मुलीने निबंधात लिहिले होते, ‘मी जानाल्यातून पाऊस बघत होते.’ वर्ग घेणाऱ्या आम्हां मंडळींपैकी एकाने तो शब्द तांबड्या शाईने खोडून वर ‘खिडकीतून’ असे लिहिले आणि ‘घरात तरी मराठी बोलावे’ असा शेरा समासात मारला. मुलगी गोंधळली. ‘पण काका, खिडकी तर घराच्या मागे असते ना?’ असे तिने विचारले. वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो. त्या हसण्याची थोडीफार भरपाई करावी, म्हणून या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हे टिपण लिहीत आहोत.

त्या मुलीचे म्हणणे बंगालीच्या दृष्टीने तंतोतंत बरोबर होते. बंगालीत ‘खिडकी’ म्हणजे घराचे मागचे दार. पुढचे ते ‘सदर’, मागचे ते ‘खिडकी’. जुन्या वाड्यांतील बायकामंडळी ज्या तळ्यावर मागील दाराने जात, ते ‘खिडकी-पुकुर’. आपल्याकडे ज्याला परसदार म्हणतात तेच हे. येथे नवीन आलेल्या मराठी गृहिणीस शेजारीण ‘खिडकीने या’ असे सांगते, तेव्हा तिने आश्चर्याने गजांकडे पाहावे यात नवल नाही.

आमची समजूत अशी होती की, मूळ अर्थ आपला, आणि बंगाल्यांनी तो बिघडविला. कोश उघडल्यावर नेमके उलट निघाले. हेमचंद्राच्या बाराव्या शतकातील ‘देशीनाममाला’ या प्राकृत कोशात ‘खडक्की’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ दिला आहे लघुद्वार, म्हणजे लहान दार. संस्कृत कोशांतही ‘खटक्किका’, ‘खडक्किका’ अशी रूपे सापडतात. अर्थ बाजूचे किंवा खाजगी दार. ही संस्कृत रूपे लोकांच्या तोंडच्या शब्दास नेसविलेले सोवळे असावे, असे आमचे मत आहे. कारण हेमचंद्राने ज्यांची व्युत्पत्ती संस्कृतातून लागत नाही, अशा देशी शब्दांतच त्याची गणना केली आहे. शिष्ट संस्कृतात खिडकीसाठी ‘वातायन’ आणि ‘गवाक्ष’ हे शब्द होतेच. एक वाऱ्याची वाट, दुसरा बैलाचा डोळा. गंमत अशी की, इंग्रजी ‘विंडो’ हा शब्दही उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’ असा आहे.

तेव्हा खिडकी हे आधी जाण्यायेण्याचे साधन होते. पाहण्याचे ते नंतर झाले. गुजरातीत ‘खडकी’ म्हणजे आजही पोळातील घरांच्या समूहाचे वा अंगणाचे प्रवेशद्वार. मराठीनेही जुना अर्थ पुरता टाकलेला नाही. पुण्याच्या शनिवारवाड्यास पाच दरवाजे आहेत. १७३० साली ज्याची पायाभरणी झाली त्या या वाड्याच्या पाचांपैकी एकाचे नावच ‘खिडकी दरवाजा’. दिल्ली दरवाज्याच्या अणकुचीदार खिळ्यांच्या प्रचंड फळीत एक माणूस वाकून जाईल एवढेच लहान दार आहे. त्यास आपण दिंडी म्हणतो. हेमचंद्राने बहुधा ‘खडक्की’ म्हटले असते. सैन्य आत घुसू नये, पण घरच्या माणसास मात्र वाट असावी, ही त्यातील योजना.

येथे एक सावधगिरीची सूचना. पुण्याजवळची खडकी, जेथे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली, तिचा या शब्दाशी संबंध जोडू नये. मलिक अंबराने १६१० साली वसविलेली खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद आणि २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, हीदेखील निराळी. ती नावे खडकावरून आलेली आहेत. दिल्लीतील ‘खिडकी’ गावाचे नाव मात्र खरोखरच खिडक्यांचे आहे. फिरोजशाह तुघलकाचा वजीर खान-इ-जहान जुनानशाह याने चौदाव्या शतकात बांधलेल्या मशिदीच्या जाळीदार खिडक्यांवरून मशिदीस ‘खिडकी मशीद’ म्हणू लागले. म्हणजे उत्तरेत दाराची जाळी झालेली दिसते. दक्षिणेतही कन्नडातील ‘किटकी’ व तेलुगूतील ‘किटिकी’ हे शब्द पाहण्याच्या खिडकीचेच वाचक आहेत.

आता तो खोडलेला शब्द, ‘जानाला’. आम्ही त्यास बंगाली म्हणून हाकलले. पण तो बंगालीही नव्हे. पोर्तुगीज भाषेत खिडकीस ‘जनेला’ म्हणतात. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांची गलबते ज्या ज्या किनाऱ्यास लागली तेथे तेथे हा शब्द उतरला. बंगालीत जानाला, तमिळमध्ये जन्नल, सिंहलीत जनेलय, मलय भाषेत जेंदेला; आणि आमच्या गोव्याच्या कोकणीत जनेल! गोव्याकडील आजी जो शब्द रोज उच्चारते तो नातीने कोलकात्यात लिहिला, तर आम्ही त्यावर तांबडी रेघ ओढली. शिवाय ‘जानाल्यातून’ या रूपातील सामान्यरूप आणि प्रत्यय बिनचूक मराठी होते, हे कुणाच्या लक्षात आले नाही. आमच्या शुद्ध खिडकीची बिजागरी पोर्तुगीज आणि तावदान फारसी आहे, याचाही तेव्हा विसर पडला होता.

पोर्तुगीज ‘जनेला’ची व्युत्पत्ती पाहू गेलो, तो आणखी एक नवल हाती आले. लॅटिनमध्ये ‘यानुआ’ म्हणजे दार; त्याच्या लघुत्वदर्शक रूपापासून जनेला सिद्ध झाला आहे. अर्थ, लहान दार. फारसीतील ‘दरीचा’ हा खिडकीवाचक शब्दही ‘दर’ म्हणजे दार यास लघुत्वाचा प्रत्यय लागून झालेला. गुजरातीत दारास ‘बारणुं’ आणि खिडकीस ‘बारी’ म्हणतात; दोन्हींचे मूळ संस्कृत ‘द्वार’. लिस्बन, इराण, अहमदाबाद आणि आमची खडक्की, कुणीही कुणास न विचारता एकाच कल्पनेवर येऊन ठेपले होते.

हे सर्व आम्ही पुढे बालवर्गात सांगितले. ती मुलगी तोवर बारा वर्षांची झाली होती. तिची वही अर्थातच हरवली होती. शेरा मात्र तिच्या लक्षात होता. आम्ही क्षमा मागितली. फळ्यावर खिडकी, जनेल, जानाला असे तीन शब्द लिहिले. तिने विचारले, ‘मग बंगाली खिडकीला मराठीत काय म्हणायचे?’ आम्ही ‘परसदार’ म्हणालो. सदनिकांत वाढलेल्या त्या वर्गात परस म्हणजे काय हे कुणासच ठाऊक नव्हते. तो तास मग आळू, केळी, विहीर आणि तुळशीवृंदावन यांचे वर्णन करण्यातच संपला.