तेरबोन : एका बुडत्या भूमीचा इतिहास

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत जिल्ह्याला 'काउंटी' म्हणतात. लुईझियाना राज्यात मात्र जिल्ह्याचे नाव 'पॅरिश' असे आहे. आपण ज्याला 'धर्मग्राम' म्हणतो, तोच हा शब्द. फ्रेंच आणि स्पॅनिश अमदानीत तेथे लोकांच्या जन्ममृत्यूची नोंद चर्चच्या वहीत होई आणि गावाची सीमा धर्मग्रामाच्या सीमेवरून ओळखली जाई. १८०३ साली अमेरिकेने हा प्रदेश फ्रान्सकडून विकत घेतला. १८०५ साली नव्या राज्यकर्त्यांनी त्याच्या बारा काउंट्या पाडल्या. परंतु लोकांच्या अंगवळणी पडलेली जुनी व्यवस्था काही मोडेना. अखेर १८०७ साली एकोणीस 'पॅरिश' निर्माण करण्यात आल्या. आज त्यांची संख्या चौसष्ट आहे. त्यांपैकी अगदी दक्षिणेच्या, मेक्सिकोच्या आखाताला भिडलेल्या एका पॅरिशची ओळख आम्ही वाचकांना करून देणार आहोत. तिचे नाव तेरबोन. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ होतो 'चांगली जमीन'.

ही चांगली जमीन नदीने घडविली. मिसिसिपी नदी समुद्राला मिळताना हजारो वर्षे आपले पात्र बदलत आली आहे. आज बायू लाफूर्श या नावाने ओळखला जाणारा प्रवाह एके काळी तिचे मुख्य पात्र होता. त्याने वाहून आणलेल्या गाळातून तेरबोनची भूमी तयार झाली. 'बायू' म्हणजे संथ वाहणारा ओढा अथवा खाडी. हा शब्द चॉक्टॉ या आदिवासींच्या भाषेतून फ्रेंचांनी उचलला. होमा हे तेरबोनचे मुख्य शहर. तेथून दक्षिणेकडे अनेक बायू हाताच्या पसरलेल्या बोटांसारखे समुद्राकडे जातात. त्यांच्या दोन्ही काठांवर उंचवट्याच्या अरुंद पट्ट्या आहेत. घरे, शेते, चर्च, दफनभूमी सारे काही या पट्ट्यांवर. पलीकडे दलदल आणि त्याही पलीकडे समुद्र.

होमा हे नाव येथील मूळ आदिवासी जमातीचे. तिच्या भाषेत 'होमा' म्हणजे लाल. युरोपियन वसाहतवाल्यांच्या दडपणामुळे ही जमात मिसिसिपीच्या काठावरून हळूहळू खाली सरकत अठराव्या शतकाच्या अखेरीस या दलदलीच्या प्रदेशात येऊन राहिली. तिच्या मागोमाग तेथे आले ते केजन लोक, आणि त्यांची कथा फार दूरवर, कॅनडाच्या थंड किनाऱ्यावर सुरू होते.

सतराव्या शतकाच्या आरंभी, आजच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, फ्रेंच शेतकऱ्यांनी वसाहत केली. त्या प्रदेशाला ते 'अकादी' म्हणत. समुद्राचे खारे पाणी बांध घालून अडवायचे आणि खाजणाची सुपीक शेती करायची, ही त्यांची विद्या. १७१३च्या उत्रेख्त तहाने हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. हे कॅथलिक शेतकरी नव्या राजाशी वैर करीत नव्हते. परंतु फ्रेंचांविरुद्ध शस्त्र धरण्याची सक्ती होईल अशी बिनशर्त शपथ घेण्यास ते तयार नव्हते. चाळीस वर्षे हा वाद धुमसत राहिला. १७५५ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचा निकाल लावला. ५ सप्टेंबर रोजी ग्रां-प्रे या गावच्या चर्चमध्ये चारशेहून अधिक पुरुष व मुलगे बोलावण्यात आले. तेथे कर्नल विन्स्लो याने त्यांना हुकूम वाचून दाखविला : जमीन, घरे, गुरेढोरे सरकारजमा, तुम्ही सर्वांनी हा देश सोडायचा. ज्या मंदिरात त्यांचे बाप्तिस्मे झाले, तेच त्यांचा तुरुंग बनले. पुढील आठ वर्षांत दहा हजारांहून अधिक अकादी जहाजांत कोंबून हद्दपार करण्यात आले. कित्येक वाटेत रोगराईने व जहाजे बुडून मेले. कुटुंबे फुटली. या घटनेला ते आजही 'मोठी उलथापालथ' म्हणतात.

उरलेल्यांपैकी काही १७६४-६५च्या सुमारास लुईझियानात पोहोचले. तेव्हा तेथे स्पेनची सत्ता आली होती आणि स्पेनला कॅथलिक शेतकरी हवेच होते. १७८५ साली फ्रान्समध्ये निर्वासितांचे जिणे जगणारे सुमारे १,६०० अकादी सात जहाजांतून आले आणि त्यांतील बहुसंख्य लाफूर्शच्या काठी स्थिरावले. तेथूनच पुढे त्यांची मुलेबाळे तेरबोनच्या बायूंवर पसरली. १८२२ साली तेरबोन स्वतंत्र पॅरिश झाली. 'अकादियँ'चे 'कादियँ' आणि इंग्रजांच्या तोंडी 'केजन' झाले.

हा इतिहास केवळ सोसणाऱ्यांचा आहे असे मानणे मात्र सत्याला धरून होणार नाही. काठावरच्या उत्तम जमिनींवर उसाचे मोठे मळे उभे राहिले ते आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या घामावर. मळेवाल्यांनी जमिनी विकत घेतल्या तेव्हा अनेक गरीब केजन आणखी खाली, दलदलीच्या तोंडाशी गेले. पण काही केजन स्वतःच मळेवाले व गुलामांचे धनी झाले. गुलामगिरी संपल्यावरही मजुराला रोख पैशाऐवजी मळ्याच्या दुकानातच चालणारी चिठ्ठी मिळे. १८८७च्या नोव्हेंबरमध्ये तेरबोन, लाफूर्श व आसपासच्या पॅरिशांतील सुमारे दहा हजार ऊसकामगारांनी संप केला. २३ नोव्हेंबर रोजी शेजारच्या टिबोडो गावात गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी काळ्या मजुरांवर गोळ्या झाडल्या. तीस ते साठ माणसे मारली गेली असावीत असा इतिहासकारांचा अंदाज आहे. होमा जमातीच्या वाट्यालाही निराळा न्याय आला नाही. तिच्या मुलांना १९६०च्या दशकापर्यंत गोऱ्यांच्या सरकारी शाळांचे दरवाजे बंद होते. ज्यांना एकदा घराबाहेर काढले गेले, त्यांचे वंशज दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवू शकतात, हा मानवी स्वभावाचा कटू धडा तेरबोनच्या इतिहासात लिहिलेला आहे.

पुढे केजनांची भाषाही उंबऱ्याबाहेर गेली. १९२१च्या राज्यघटनेने शाळेत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरविले. घरी फक्त फ्रेंच ऐकलेले मूल शाळेत फ्रेंच बोलले की त्याला शिक्षा होई. 'मी फ्रेंच बोलणार नाही' अशा ओळी शेकडो वेळा लिहून घेतल्या जात. अशी मुले मोठी झाली, आईबाप झाली आणि आपल्या मुलांवर तोच प्रसंग येऊ नये म्हणून त्यांच्याशी इंग्रजीतच बोलू लागली. कायद्याने सुरू केलेले काम लाजेने पुरे केले. १९६८ साली राज्याने फ्रेंचच्या संवर्धनासाठी स्वतंत्र मंडळ नेमले, तोवर एक पिढी मुकी झाली होती. २००३ साली राणी एलिझाबेथच्या नावाने निघालेल्या जाहीरनाम्यात हद्दपारीचे दुःख मान्य करण्यात आले व २८ जुलै हा स्मरणदिन ठरला. अडीचशे वर्षांनी आलेली ही कबुली उशिराची खरी, पण ती आली.

आता उरला प्रश्न भूमीचा, आणि तो सर्वांत बिकट आहे. गाळाची जमीन स्वभावतःच खचते. दरवर्षीचा पूर नवा गाळ घालून तिला सावरतो. १९०४ साली बायू लाफूर्शचे मिसिसिपीकडील तोंड बांध घालून बंद करण्यात आले. १९२७च्या महापुरानंतर सरकारने मिसिसिपीला दोन्ही बाजूंनी भक्कम बंधारे घातले. माणसे पुरापासून वाचली, पण गाळ थेट खोल समुद्रात जाऊ लागला. त्यातच तेल व वायू कंपन्यांनी दलदलीतून हजारो मैलांचे कालवे खोदले. त्यांतून खारे पाणी आत शिरले आणि ज्या गवताच्या मुळांनी माती धरून ठेवली होती, ते गवत मेले. समुद्राची पातळीही वाढू लागली. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाच्या हिशेबाने १९३२ ते २०१० या काळात लुईझियानाच्या किनाऱ्याने सुमारे ४,९०० चौरस किलोमीटर जमीन गमावली. त्याच तेलाने तेरबोनच्या असंख्य घरांत पगारही आणला, म्हणून बोट दाखविणे तेथील लोकांना सोपे जात नाही.

वादळे येथे नवी नाहीत. १० ऑगस्ट १८५६ रोजी चक्रीवादळाने तेरबोनच्या किनाऱ्यावरील 'शेवटचे बेट' धुऊन नेले. सुमारे दोनशे माणसे बुडाली. २९ ऑगस्ट २०२१ रोजी आयडा वादळ ताशी २४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह येऊन धडकले. फरक एवढाच, की पूर्वी वाटेत वादळाचा जोर मोडणारी दलदल होती.

या साऱ्याची साक्ष म्हणजे इल द जाँ शार्ल हे बेट. तेथे फ्रेंच बोलणारी आदिवासी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या मासेमारी करीत राहिली. १९५५ पासून या बेटाची ९८ टक्के भूमी पाण्याखाली गेली. किनाऱ्याच्या संरक्षक बंधाऱ्याची आखणी झाली तेव्हा हे बेट त्याच्या बाहेर ठेवण्यात आले. २०१६ साली केंद्र सरकारने त्यांच्या स्थलांतरासाठी ४ कोटी ८० लाख डॉलर मंजूर केले आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये पहिली कुटुंबे सुमारे ६५ किलोमीटर उत्तरेला, उसाच्या शेतात वसविलेल्या नव्या गावी गेली. घरे पक्की आहेत, रस्ता कोरडा आहे. परंतु योजना राज्य सरकारने हाती घेतली आणि आपल्याला बाजूला सारले, अशी जमातीच्या नेतृत्वाची तक्रार आहे. जाळी टाकणाऱ्याला उसाच्या शेतात बसविले, तर छप्पर मिळाले तरी जीवनक्रम मिळतो का, हा प्रश्न राहतोच.

जे कोळी अजून खाली बायूवर टिकून आहेत, त्यांच्यापुढे आणखी एक संकट आहे. वसंतात सजविलेल्या बोटी रांगेने बायूतून निघतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात आणि कोळंबीचा हंगाम सुरू होतो. पण आणलेल्या कोळंबीला भाव नाही, कारण बाजार तळ्यांत वाढविलेल्या परदेशी कोळंबीने भरलेला आहे. २००५ साली अमेरिकेने अशा स्वस्त आयातीवर जादा शुल्क बसविले, त्या यादीत भारतही होता. पुढील काळात तर अमेरिकेला सर्वांत अधिक कोळंबी पुरविणारा देश आपलाच ठरला. आंध्रच्या तळ्यावरील मजुराची भाकर आणि तेरबोनच्या कोळ्याची भाकर अशी एकाच जाळ्यात अडकली आहे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही.

२०२०च्या जनगणनेनुसार तेरबोनची लोकसंख्या १,०९,५८० होती. १९७७ साली स्थापन झालेल्या होमा-टिबोडो धर्मप्रांताचे कॅथेड्रल होमा शहरातच आहे. ऑल सेंट्सच्या सुमारास लोक थडग्यांना चुना लावतात व फुले वाहतात. बायूच्या खालच्या टोकाला काही ठिकाणी पाणी दफनभूमीच्या कुंपणापाशी आले आहे. जिवंतांना हलविता येते. मृतांना कोठे हलवायचे?

तरीही तेरबोनची माणसे हात जोडून बसलेली नाहीत. २०२१ साली सरकारने बायू पॉइंट-ओ-शियानवरील प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद केली. आदिवासी आणि केजन पालक एकत्र आले, त्यांनी विधिमंडळापर्यंत पाठपुरावा केला आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये त्याच परिसरात फ्रेंच माध्यमाची नवी शाळा उघडली. ज्या भाषेसाठी आजोबांना शिक्षा झाली, ती आता नातवंडे वर्गात बसून शिकत आहेत. आणि ज्या आदिवासी मुलांना एके काळी शाळेत प्रवेश नव्हता, त्यांची नातवंडे त्याच बाकांवर आहेत. या मुलांच्या हयातीत बायूचे काठ कितपत टिकतील, हे कोणी सांगू शकत नाही. उद्या त्यांना पुन्हा उठून जावे लागलेच, तर निदान या खेपेला मुकेपणाने जावे लागणार नाही.