मोहाची फुले आणि इब्न बतूता

हिवाळ्यात नंदुरबारात उतरले की आधी ठसका लागतो. शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि वारा फिरला की तिचा खाट घराघरांत शिरतो. आमच्या भागातल्या माणसाला मिरचीवाचून जेवण ही कल्पनाच करता येत नाही. म्हणून पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका जुन्या ग्रंथात आमच्याच गावच्या जेवणाचे वर्णन वाचले, तेव्हा मी ते पान पुन्हा पुन्हा वाचले. त्यात मिरची नव्हती. शेंगदाण्याचे तेलही नव्हते. भात, भाज्या आणि तिळाचे तेल, एवढेच होते.

ते वर्णन करणारा माणूस मोरोक्कोतल्या टँजिअरचा. नाव इब्न बतूता. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो हजला म्हणून घराबाहेर पडला आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे फिरत राहिला. दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाच्या पदरी तो काझी होता. सुलतानाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवले, तेव्हा ग्वाल्हेर, चंदेरी, धार, उज्जैन असे करत तो दौलताबादेस आला आणि तिथून खंबायतकडे जाताना नंदुरबारला थांबला. हे साल १३४२ चे धरतात. नंदुरबारात मराठ्यांची वस्ती आहे, ते हस्तकौशल्यात निष्णात आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, असे तो सांगतो. त्यांच्यातले प्रतिष्ठित लोक म्हणजे ब्राह्मण आणि क्षत्रिय. ते प्राण्यांना इजा करत नाहीत, जेवणाआधी सर्वांग धुतात, सात पिढ्यांच्या आत सोयरीक करत नाहीत आणि मद्याला मोठा दोष मानतात, असेही तो नोंदवतो.

या उताऱ्याचा पहिला उपयोग सरळ आहे. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो ही सारी अमेरिका खंडातली पिके. पोर्तुगीज १४९८ साली भारतात पोचले, त्यानंतर ती हळूहळू इकडे आली. म्हणजे ज्याला आम्ही 'खास खानदेशी' म्हणून पाहुण्यांपुढे ठेवतो, त्यातले निम्मे जिन्नस इब्न बतूताच्या वेळी इथे नव्हते. तिखटपणा मिरी, आले, पिंपळी यांचा. फोडणी तिळाच्या तेलाची.

दुसरी गोष्ट मात्र मला उशिरा दिसली. मी इतिहासाचा पदवीधर नाही. पाटबंधारे खात्यात कारकुनी करता करता वाचत गेलो. अरबी येत नाही. मेहदी हुसेन यांनी केलेले आणि बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९५३ साली छापलेले भाषांतर आणि गिब यांचे इंग्रजी खंड, यांवरच माझा सारा अभ्यास. सवयीने मी एक वही केली होती. इब्न बतूता कुठे काय खातो, कुठे नाक मुरडतो, ते त्यात उतरवत गेलो. वही भरली तेव्हा एक विसंगती डोळ्यांत भरली. तो एकच पदार्थ एका ठिकाणी आवडीने खातो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच पदार्थावरून यजमानांची लायकी काढतो.

आधी आवडीचे पाहू. हिंदुस्थानातल्या खाण्यावर त्याने मनापासून लिहिले आहे. मुगाची डाळ आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खातात, तिला 'किश्री' म्हणतात आणि लोक रोज सकाळी तीच खातात, असे तो सांगतो. आपल्या देशातल्या वाचकाला कळावे म्हणून तो तिची तुलना मगरिबातल्या 'हरीरा'शी करतो. झाडाखाली पडलेल्या कच्च्या कैऱ्या मिठात मुरवतात, तसेच ओले आले आणि मिरीचे घोस मुरवतात आणि प्रत्येक घासाबरोबर ते थोडे थोडे खातात, हेही त्याने टिपले आहे. फणस खोडालाच कसा लागतो, जमिनीलगतचा फणस अधिक गोड कसा, आठळ्या भाजल्या की चव कशी लागते, हे वाचताना हा माणूस फणसाजवळ बसून जेवलेला आहे याची खात्री पटते.

खरीप धान्यांत तो 'शमाख' नावाचे बारीक धान्य सांगतो. हा आपला सावा. उपासाच्या भगरीच्याच जातकुळीतला. पेरल्यावाचूनही उगवतो, साधू, बैरागी, गोरगरीब तो गोळा करून खातात. लाकडी उखळात कांडून म्हशीच्या दुधात शिजवला तर भाकरीपेक्षा चांगला लागतो, असे सांगून तो पुढे म्हणतो की हिंदुस्थानात असताना मी तो पुष्कळदा खाई आणि मला तो आवडे. वर्षाला बारा हजार दिनार पगार घेणारा दिल्लीचा काझी गरिबांचे धान्य आवडीने खातो आणि तसे लिहूनही ठेवतो. मला त्याचे कौतुक वाटले.

आता दुसरे ठिकाण. १३५२ साली इब्न बतूता आपल्या शेवटच्या मोठ्या प्रवासाला निघाला. सिजिलमासाहून सहारा ओलांडून तो माली साम्राज्याच्या उंबरठ्यावरच्या वलाता गावी पोचला. तिथे सुलतानाचा प्रतिनिधी छपराखाली गालिच्यावर बसलेला, पुढे भालाईत आणि तिरंदाज. व्यापारी समोर उभे. अंतर दोन पावलांचे, तरी तो दुभाष्यामार्फत बोलला. इब्न बतूताला हा गोऱ्या लोकांचा अपमान वाटला आणि या देशात आलोच कशाला, असे त्याच्या मनात आले. मग गावच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने काफिल्याला जेवायला बोलावले. हा जायला तयार नव्हता, सोबत्यांनी आग्रह करून नेले. अर्ध्या भोपळ्याच्या कटोऱ्यात कुटलेली बाजरी, थोडा मध आणि दूध असे कालवून पुढे ठेवले. बाहेर पडल्यावर त्याने विचारले, त्या काळ्या माणसाने आपल्याला याचसाठी बोलावले होते का? सोबती म्हणाले, हो, त्यांच्याकडे याहून मोठा पाहुणचार नाही. यांच्याकडून काही भल्याची आशा नाही, असे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकले.

दुधातले भरड धान्य इथेही, तिथेही. इथे 'मला आवडे', तिथे 'याचसाठी बोलावले का'. जीभ तीच, मग फरक कशात? मला वाटते, फरक त्या दोन पावलांच्या अंतरात आहे. दिल्लीत सावा खाताना त्याचा मान शाबूत होता. वलातात जेवणाआधीच त्याचे मन दुखावले होते. आणि ते दुखावण्याचे कारणही त्याचा गैरसमज होते. दुभाष्यामार्फत बोलणे ही मालीच्या दरबाराची रीतच होती. पुढे राजधानीत सुलतान आणि त्याचा दुभाष्या दूघा यांचे वर्णन खुद्द त्यानेच केले आहे. पण वलातात ती रीत त्याला ठाऊक नव्हती, आणि तो राग बाजरीच्या वाटीवर निघाला.

राजधानीतही तेच झाले. पोचल्यावर दहा दिवसांनी अळूच्या कंदासारख्या कशाची तरी लापशी खाण्यात आली. खाणारे सहाही जण आजारी पडले, एक दगावला, आणि हा स्वतः पहाटेच्या नमाजात बेशुद्ध झाला. एका इजिप्शियन माणसाने मुळ्यांचे औषध देऊन त्याला ओकवले तेव्हा जीव वाचला, तरी दोन महिने तो आजारी राहिला. या आजारातून उठल्यावर मनसा सुलेमानकडून भेट आल्याची वर्दी मिळाली. वस्त्रे आणि पैसा असेल या अपेक्षेने तो उभा राहिला. पाहतो तो तीन भाकऱ्या, 'घर्ती'त तळलेला गोमांसाचा एक तुकडा आणि भोपळाभर दही. तो हसला आणि एवढ्याशा गोष्टीचे यांना एवढे अप्रूप, यावरून त्याने त्यांच्या अकलेची किंमत केली.

घर्ती या शब्दाशी मी बराच काळ अडलो होतो. त्याने दिलेले वर्णन असे: आलुबुखाऱ्यासारखे अतिशय गोड फळ, आत बी, बियांचे तेल काढून त्यात तळतात, दिवे लावतात, अंगाला लावतात, मातीत मिसळून घरे लिंपतात. हे झाड म्हणजे पश्चिम आफ्रिकेतले शिया. वनस्पतिशास्त्रात त्याचे कुळ पाहिले आणि मी चमकलो. शिया आणि आपल्या सातपुड्यातला मोह एकाच कुळातले.

आणि मोहाबद्दल इब्न बतूताने लिहिले आहेच. हिंदुस्थानातल्या झाडांच्या यादीत 'महवा' आहे. पाने अक्रोडासारखी, पण त्यांत लाल-पिवळी छटा. फळ लहान नासपतीएवढे. त्याच्या टोकाला द्राक्षाएवढे आतून पोकळ असे आणखी एक फळ, चवीला द्राक्षासारखे, मात्र फार खाल्ले तर डोके दुखते. हे 'पोकळ फळ' म्हणजे मोहाचे फूल, हे आमच्याकडच्या कुणालाही सांगावे लागणार नाही. उन्हात वाळवले की त्याला अंजिराची चव येते, आणि हिंदुस्थानात अंजीर मिळत नसल्याने मी अंजिराऐवजी तेच खात असे, असे तो लिहितो. बियांच्या तेलावर दिवे जळतात, हेही सांगतो. घरापासून इतक्या दूर अंजिराची आठवण आलेला माणूस मोहाची वाळकी फुले चघळतो आहे, हे चित्र मला फार जवळचे वाटते. पुढे मालीत मोहाच्याच भाऊबंदाच्या तेलात तळलेला घास समोर आला, तेव्हा मात्र तो हसला.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वडील धडगावकडे प्राथमिक शिक्षक होते. मी नऊ-दहा वर्षांचा असताना चैत्रात ते मला एका पाड्यावर घेऊन गेले. ज्या घरी बसलो तिथल्या बाईने भाजलेली मोहाची फुले आणि तीळ एकत्र कुटून केलेला लाडू पानावर आणून दिला. मोह म्हणजे दारू, एवढेच मला घरी ऐकून माहीत होते. मी पान मागे सरकवले. बाई काही बोलली नाही. पान उचलून आत गेली. वडिलांनी आपला लाडू खाल्ला, पाणी प्यायले. डोंगर उतरताना ते एवढेच म्हणाले, "तेवढंच होतं रे त्यांच्याकडे." वलातातल्या सोबत्यांचे उत्तर वाचले तेव्हा मला वडिलांचा आवाज ऐकू आला.

नंदुरबारच्या उताऱ्याकडेही मग मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. भात, भाज्या, तिळाचे तेल, मद्य नाही. हे जेवण कुणाचे? त्यानेच सांगितलेल्या प्रतिष्ठितांचे. कोरडवाहू शेत कसणारा काय खात होता, तापीकाठचा कोळी काय खात होता, डोंगरातला भिल्ल काय खात होता, ते त्या ओळीत नाही. प्रवासी ज्याच्या ओटीवर बसतो त्याचे ताट इतिहासात जाते. आमच्या भागाच्या इतिहासात मोहाची फुले ज्यांच्या घरी शिजली ती माणसे यामुळेच कमी दिसतात. गंमत अशी की फुलांची नोंद झाली, ती खाणाऱ्यांची झाली नाही.

या ग्रंथाच्या विश्वासार्हतेबद्दल अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत आणि त्या योग्य आहेत. १३५५ साली फेझ इथे इब्न बतूताने आठवणी सांगितल्या, इब्न जुझय्य याने त्या लिहून घेतल्या. काही वर्णने आधीच्या प्रवाशांची उचललेली आहेत. चाचांनी लुटल्यामुळे त्याची टिपणेही गेली होती. पण म्हणूनच खाण्याचे उल्लेख मला मोलाचे वाटतात. राजांची नावे आणि तारखा यांत घोटाळा होईल, पण वाळलेल्या मोहाला अंजिराची चव असते, हे दहा वर्षांनी आठवायला तो आधी खाल्लेला असावा लागतो.

माली सोडताना तो फरबा सुलेमान नावाच्या एका सरदाराकडे उतरला. तिथे 'दक्नू' हे पेय पुढे आले. पाण्यात कुटलेली बाजरी, थोडा मध किंवा दूध. म्हणजे जवळजवळ वलातातलीच वाटी. या वेळी एका अक्षराची तक्रार नाही. लोक साध्या पाण्याऐवजी हे पितात, एवढे शांतपणे सांगून तो यजमानाच्या औदार्याची तारीफ करतो. त्या औदार्यात एक गुलाम मुलगाही होता, हे विसरून चालणार नाही. त्या मुलाला काय खायला मिळत होते, ते इब्न बतूताने लिहिलेले नाही.

गेल्या चैत्रात मी धडगावच्या बाजारात पावशेर वाळकी मोहाची फुले घेतली. विकणाऱ्या म्हातारीने विचारले, "कशाला पाहिजे?" खायला, म्हणालो. तिने मूठभर वर घातली आणि तव्यावर मंद भाजून तिळाबरोबर कुटायला सांगितले. घरी येऊन तसे केले. अंजिराची चव लागते. इब्न बतूता खोटे बोलला नव्हता. वडील असते तर त्यांनाही एक लाडू दिला असता.