कोरा स्तंभ, शून्य आणि खूण

यंत्राला माहिती पुरवणाऱ्या रूढ छिद्रपत्रावर (पंच कार्डावर) ८० स्तंभ आणि प्रत्येक स्तंभात १२ जागा असत. दहा जागा ० ते ९ या अंकांच्या. शून्याच्या जागी छिद्र असेल तर उत्तर शून्य. स्तंभ कोरा असेल तर उत्तर नोंदलेलेच नाही. उरलेल्या दोन जागांपैकी एकीत ‘एक्स-पंच’ पाडत. त्याला अंकाचे मूल्य नसे. ते आहे एवढ्यावरूनच यंत्र पत्र बाजूला काढी किंवा रक्कम वजा धरी.

शून्य आणि कोरा स्तंभ यांतला हा फरक मोठ्या पाहण्यांत महत्त्वाचा असतो. कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि तिच्या माहितीचे संस्करण या संस्थेकडे आले. १९५५-५६ च्या सुमारास संस्थेत ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीचा एचईसी-२एम बसला. भारतातला तो पहिला अंकीय संगणक. पाहणीच्या कामात ‘शून्य’ आणि ‘उत्तर नाही’ यांची गल्लत झाली, तर सरासरीच चुकते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले; ते मिळालेल्या पहिल्या शहरांत कोलकाताही होते. नुसत्या असण्याने अर्थ सांगणारी खूण वेबवरही भेटते. वेबच्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर येणारा भाग सुरुवातीला नुसत्या शोधशब्दांचा असे; ‘नाव=मूल्य’ अशा जोड्या फॉर्मबरोबर रूढ झाल्या. मात्र पत्त्यांच्या २००५ च्या मानकातही जोडीची सक्ती नाही. त्यामुळे पत्त्याच्या शेवटी नुसते ‘?प्रिंट’ लिहिलेले चालते. हा वेबवरचा एक्स-पंच.

ही खूण ओळखण्याची रीत प्रोग्रॅमिंगच्या भाषेगणिक आणि चौकटीगणिक बदलते. पीएचपीत तिचे मूल्य रिकामी अक्षरमाला होते. म्हणून ‘एम्प्टी’ने तपासल्यास खूण नसल्यासारखीच दिसते, ‘आयसेट’ ती दाखवते. पायथनचे ‘पार्स_क्यूएस’ रिकामी मूल्ये मुळातच गाळते. ती ठेवायला वेगळे सांगावे लागते. जुन्या एएसपी डॉट नेटमध्ये तो शब्द नाव न राहता बिननावाच्या जागेचे मूल्य बनतो. जावास्क्रिप्टच्या ‘यूआरएल सर्च पॅराम्स’मध्ये ‘गेट’ खूण असताना रिकामी अक्षरमाला देते आणि नसताना ‘नल’. अट तपासताना दोन्ही खोटीच ठरतात. म्हणून तिथे ‘हॅज’ वापरतात.

‘?प्रिंट’ आणि ‘?प्रिंट=’ यांतला फरक मात्र ‘हॅज’लाही कळत नाही. तो हवा असेल तर मूळ पत्ताच वाचावा लागतो.