रस्ता मागितला कोणी, मिळाला कोणाला?

डांबरी रस्ता म्हटला की आज मोटारच डोळ्यांपुढे येते. सायकलवाला तिथे पाहुणा, आणि तोही नकोसा! मागून हॉर्न वाजवून त्याला कडेला लोटणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते की अमेरिकेत गुळगुळीत रस्त्यांसाठी संघटितपणे आवाज उठवला तो सायकलवाल्यांनी, मोटारी बाजारात येण्याआधी.

१८८५ च्या सुमारास दोन सारख्या चाकांची 'सेफ्टी' सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला आणि सायकलचे वेड पसरले. पण रस्ते कसले? खेड्यात चिखल, शहरात ओबडधोबड दगड. १८८० मध्ये स्थापन झालेल्या 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' या सायकलस्वारांच्या संघटनेने रस्तेसुधारणेचा ध्यास घेतला. १८९२ पासून 'गुड रोड्स' नावाचे मासिकही चालवले.

या चळवळीचे एक दृश्य सॅन फ्रान्सिस्कोत दिसले. तिथल्या मुख्य मार्केट स्ट्रीटवर दगडी फरशी आणि मधोमध केबल कारचे रूळ. सायकलचे चाक अडकायला तेवढे पुरे. २५ जुलै १८९६ च्या संध्याकाळी सुमारे पाच हजार सायकलस्वार कंदील लावून, सोंगे घेऊन मिरवणुकीने निघाले. बघ्यांची गर्दी लाखाच्या घरात होती म्हणतात. मागणी एकच: रस्ते नीट करा.

गंमत पाहा. याच वर्षीच्या जून महिन्यात डेट्रॉईटमध्ये हेन्री फोर्डने आपली पहिली गाडी रस्त्यावर आणली होती, आणि तिला चाके लावली होती सायकलची! पुढे १९०८ मध्ये त्याची 'मॉडेल टी' आली. रस्ते गुळगुळीत होत गेले, पण त्यांवर धावू लागल्या मोटारी. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर अर्ज एकाचा आणि मंजुरी दुसऱ्याच्या नावाने.

जवळजवळ शतकानंतर त्याच शहरात, त्याच मार्केट स्ट्रीटवर, सप्टेंबर १९९२ मध्ये काही डझन सायकलस्वार कामावरून घरी जाताना एकत्र निघाले. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी असे निघायचे ठरले. या उपक्रमाला 'क्रिटिकल मास' हे नाव मिळाले ते टेड व्हाइट यांच्या एका माहितीपटातून. त्यात जॉर्ज ब्लिस हे गृहस्थ चीनमधला अनुभव सांगतात: सिग्नल नसलेल्या चौकात सायकलवाले थांबून राहतात, आणि पुरेसे जमले की सगळे मिळून वाहतूक कापत पार होतात. एकट्याला वाट मिळत नाही, जमावाला मिळते.

ना अध्यक्ष, ना परवाना. "आम्ही वाहतूक अडवत नाही, आम्हीच वाहतूक आहोत" हा त्यांचा पवित्रा. महापौर विली ब्राउन यांनी कडक धोरण घेतले, तर २५ जुलै १९९७ च्या फेरीला पुन्हा हजारो लोक लोटले. शंभरावर लोकांना अटक झाली. तारीख पाहिलीत? १८९६ च्या मिरवणुकीची, बरोबर १०१ वर्षांनंतरची! योगायोगच, पण बोलका.

चौकात तासभर अडकून पडलेल्या सामान्य माणसाचा संतापही खोटा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पण कागदोपत्री गेलेल्यांचे तरी काय झाले? शहराच्या सायकल आराखड्याला २००६ मध्ये कोर्टाची स्थगिती मिळाली, कारण पर्यावरणावरील परिणाम तपासला नव्हता! ती उठली २०१० मध्ये. अखेर २९ जानेवारी २०२० रोजी मार्केट स्ट्रीटच्या मोठ्या भागावर खासगी मोटारींना बंदी झाली. २०२५ मध्ये काही भाड्याच्या मोटारींना पुन्हा मुभा मिळाली.

आपल्या पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. तेव्हा तिथे 'सायकल फेरी' काढण्याची गरज कोणाला होती? रोज सकाळी कामाला निघालेली माणसे हीच फेरी. रोजची गर्दी ओसरली की मग ती ठरवून, तारीख देऊन जमवावी लागते. म्हणून रविवारी सकाळी रंगीत टोप्या घातलेले सायकलस्वार दिसले की हसू नये. आपण ज्या रस्त्यावरून गाडी हाकतो, त्याचा मूळ अर्जदार त्यांच्याच जातकुळीतला आहे.