समाजशास्त्राची पदवी, कर्ज आणि कमाई : चंद्रपूर-गडचिरोलीतील शंभर वर्षांचा हिशेब

समाजशास्त्राच्या पदवीवर होणारा खर्च आणि तिच्यातून मिळणारी कमाई यांचा मेळ चंद्रपूर-गडचिरोलीत प्रत्येक पिढीत वेगळा बसला. कॉलेजची फी हा त्यातला लहान भाग होता. सुरुवातीला अंतर महाग पडले, पुढे पदवीनंतरची पात्रता आणि नोकरीची वाट.

स्वातंत्र्यापूर्वीचा चांदा जिल्हा (आजचे चंद्रपूर-गडचिरोली) मध्य प्रांतात होता. उच्च शिक्षण म्हणजे नागपूरचे हिस्लॉप (१८८३) किंवा मॉरिस कॉलेज (१८८५). नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ पासून होता, पण सिरोंचा-भामरागडच्या मुलासाठी नागपूरसुद्धा दूर होते. राहण्या-जेवणाचा खर्च मालगुजार, व्यापारी आणि सरकारी नोकरांच्या घरांनाच झेपे.

पुढे सरकारने फीचा भार उचलला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी सुरू झाली आणि १९४८ मध्ये अनुसूचित जमातींना लागू झाली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. १९५९ मध्ये या राज्याने ठरावीक मर्यादेपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना फीमाफी दिली. हीच ‘ईबीसी’ सवलत. केंद्राने १९६३ मध्ये राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती आणली. ती बिनव्याजी होती आणि शिक्षकी पेशात शिरणाऱ्याला नोकरीच्या दर वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ होई. याच काळात कॉलेजे जवळ आली: वरोऱ्याच्या आनंदवनात आनंद निकेतन, ब्रह्मपुरीत नेवजाबाई हितकारिणी, चंद्रपुरात जनता आणि १९७० मध्ये सरदार पटेल महाविद्यालय. कला शाखेला प्रयोगशाळा लागत नसल्याने लहान गावांतही तिचे वर्ग प्रथम उघडत.

घरच्या हिशेबात मात्र आणखी एक रक्कम असे, ती म्हणजे बुडालेली मजुरी. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आणि तेंदूपत्त्याचा हंगाम जवळपास एकाच वेळी येतात. सत्तर पानांचा एक पुडका या मापाने फळीवर (संकलन केंद्रावर) होणारी कमाई अनेक घरांची वर्षातली मोठी रोख रक्कम असते. परीक्षेला बसणारा मुलगा किंवा मुलगी म्हणजे हंगामातले दोन हात कमी. धानाच्या रोवणीतही तेच. फी माफ झाली तरी ही मजुरी कोणी भरून देत नव्हते.

१९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. शाळा आणि आश्रमशाळा वाढल्या, तशी बीए-बीएडला नोकरीची हमी आहे असे वाटू लागले. समाजशास्त्राच्या पदवीधराची अडचण वेगळी होती. महाराष्ट्रात शालेय पातळीवर हा स्वतंत्र विषय अकरावी-बारावीलाच आहे आणि तिथे शिकवायला एमए व बीएड लागते. महाविद्यालयात नेट किंवा सेट लागते, अन्यथा घड्याळी तासिकांवर समाधान मानावे लागते. खासगी संस्थांत जागेसाठी ‘डोनेशन’ मागितल्याच्या तक्रारी राज्यभर होत्या. शेत गहाण टाकून असे पैसे उभे करणाऱ्या घरांचे खरे शैक्षणिक कर्ज हेच. बँकेच्या वहीत ते कधी दिसले नाही.

बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ मध्ये आली. चार लाखांपर्यंत तारण लागत नव्हते. २००९ च्या केंद्रीय योजनेने साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना शिक्षणकाळातील व्याज माफ केले, पण फक्त तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. साधी बीए तिच्याबाहेर राहिली. २०१२ पासून शिक्षकभरती जवळपास थांबली आणि २०१५ पासून बीएड दोन वर्षांचे झाले. खर्च वाढला, तेव्हाच जागा आटल्या. दोन लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ४,२५० रुपये होतो. कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पर्यंत ९,००० रुपये होते, म्हणजे निम्मे हप्त्यातच जाई. ते २०,००० झाल्यावर हा वाटा पाचव्या हिश्शावर आला.

२०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ सुरू झाले आणि एमएसाठी नागपूर गाठण्याची गरज कमी झाली. २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, शिक्षक, वनरक्षक अशी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. तलाठ्याला कोणतीही पदवी चालते. पोलीस शिपाई आणि वनरक्षकाला बारावी पुरते. मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर ग्रामसभांचे काम वाढले. समाजशास्त्राचा अभ्यास तिथे थेट उपयोगी पडतो, पण पगारी जागा मोजक्याच आहेत.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. शिष्यवृत्ती आणि जवळचे कॉलेज असेल तर समाजशास्त्राची पदवी कर्जाशिवाय घेता येते आणि तशीच घ्यावी. कर्ज काढायचेच तर ते पुढच्या पात्रतेसाठी, आणि त्या पदाच्या भरतीची जाहिरात प्रत्यक्ष निघत असेल तेव्हाच. जागा मिळवण्यासाठी काढलेले कर्ज मात्र कोणत्याही पगारात परवडणारे नाही.