स्पेनच्या राजाची वसई

आमच्या तेरखेड्यात शोभेची दारू बनते. सोरा, गंधक आणि कोळशाच्या वासात मी वाढलो, त्यामुळे कुठल्याही किल्ल्यात शिरलो की माझी नजर आधी तोफा आणि दारूकोठार शोधते. जिल्ह्यातला परंडा मला त्यासाठीच जवळचा. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि 1632 मध्ये विजापूरला जाण्याआधी ती परंड्यात होती. जिची ही तोफ, त्या निजामशाहीचं किनाऱ्यावर वैर होतं ते चौलच्या फिरंग्यांशी. रेवदंड्यासमोरच्या कोर्लईच्या टेकडीवर बुऱ्हाण निजामशहाने ठाणं उभारलं, ते फिरंग्यांनी 1594 मध्ये जिंकून घेतलं.

या फिरंग्यांना पोर्तुगीज म्हणून आपण पुढे जातो. पण 1594 मध्ये त्यांचा राजा होता स्पेनचा दुसरा फिलिप! 1580 मध्ये पोर्तुगालचा राजा वारसाविना वारला, फिलिपने फौज पाठवून गादी घेतली आणि 1640 पर्यंत दोन्ही राज्यांना राजा एकच राहिला. गोव्याचा कारभार पोर्तुगीजांच्याच हाती होता, हे खरं. तरीही ती 60 वर्षं वसई, चौल, कोर्लई यांचा आणि मेक्सिको, पेरू, फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन यांचा धनी एकच होता. शाळेत हे मला कुणी शिकवलं नाही, आणि ते शिकवायलाच हवं.

वसई 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना दिली. तिथे भक्कम तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा पंथांचे मठ आणि चर्च उभे राहिले. किल्ला, धर्मप्रसार आणि शहर हे तिन्ही एका हाताने वसवायचे, ही रीत अमेरिकेतही तीच. देवळं पाडणंही दोन्हीकडे झालं, ते विसरून त्या कमानींचं कौतुक मला करता येत नाही. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तटाखाली सुरुंग लावून बुरूज उडवले. दारू ओळखणाऱ्या माणसाने तो भाग एकदा तरी पाहावा.

पण या सगळ्यात मला धरून ठेवतो तो गोन्सालो गार्सिया. वसईतच जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापार केला आणि मग मनिलात फ्रान्सिस्कन झाला. मनिला तेव्हा मेक्सिकोच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होतं. फ्रान्सिस्कनांची वकिलात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेली तेव्हा दुभाष्या हाच. 1596 मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं ‘सान फेलिपे’ जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं. त्यात मेक्सिको शहरात जन्मलेला तरुण फ्रान्सिस्कन फेलिपे होता. 5 फेब्रुवारी 1597 रोजी हिदेयोशीच्या हुकमाने नागासाकीत 26 ख्रिश्चनांना क्रुसावर चढवलं, त्यांत वसईचा गोन्सालो आणि मेक्सिकोचा फेलिपे दोघेही होते. 1862 मध्ये दोघांना एकदमच संतपद मिळालं.

मेक्सिकोच्या कॅथेड्रलमध्ये फेलिपेच्या नावाचं चॅपेल आहे, वसईत गोन्सालोच्या नावाचं महाविद्यालय. तिथल्या इतिहासाच्या तासाला फेलिपेचंही नाव घेतलं जावं, असं मला फार वाटतं.