बोळिंजची कादोडी आणि आफ्रिकेचा विचार

केनियाचे तत्त्वज्ञ जॉन म्बिती यांनी 1969 साली आफ्रिकी विचाराचा गाभा मांडला: माणसाला ‘मी’पण समाजाकडून मिळते. वसई भागातल्या बोळिंज परिसराचा इतिहास याला बळ देतो. 1534 नंतर पोर्तुगीज अमलात वसईतल्या अनेक सामवेदी ब्राह्मण कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. देव बदलला, नावे बदलली. तरी हे धर्मांतरित, म्हणजे कुपारी ख्रिस्ती, आणि हिंदू राहिलेले सामवेदी दोघेही कादोडी ही आपली बोलीच बोलत राहिले; कुपारी बायकांचे लाल लुगडेही टिकले. माझ्या मते ओळख श्रद्धेपेक्षा शेजारात अधिक मुरते. यावर आक्षेप असा, की असा समाज माणसाला जातीच्या कुंपणात जखडतो. हा आक्षेप खराच आहे. समाज माणसाला घडवतो, पण पुरता ठरवत नाही, असे घानाचे तत्त्वज्ञ क्वामे ग्येक्येही बजावतात. मात्र कादोडीला कुठल्या सत्तेने राखले नाही. केळीच्या वाड्यांत राबणाऱ्या, वेगवेगळ्या देवांना भजणाऱ्या माणसांनीच ती बोलती ठेवली.